मुक्या रुग्णांचे परिचारक

पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यातील एक नेहमीचे दृश्य. कुत्रीच्या गर्भाशयात पू झाल्याने तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. शेवटचा टाका पडतो, डॉक्टर हातमोजे काढतात आणि बाहेर ताटकळलेल्या पुढच्या रुग्णाकडे वळतात. आतल्या खोलीत सतरंजीवर निपचित पडलेली कुत्री आणि तिच्याशेजारी बसलेला वीस-बावीस वर्षांचा मदतनीस, असे दोघेच उरतात. तिचा श्वास नीट चालू आहे का, हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या पडत आहेत, अंग गार पडते आहे का, हे पाहण्याची जबाबदारी पुढचे दोन-तीन तास त्याच्यावर असते. हे सारे त्याला कोणी शिवले, त्याची परीक्षा कोणी घेतली आणि गेल्या वर्षभरात त्यात कोणती भर पडली, असे विचारल्यास बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते : ‘डॉक्टरांचे पाहून पाहून शिकला.’

लोक त्याला कंपाउंडर म्हणतात. सरकारी कागदोपत्री अशा माणसासाठी ‘परिचर’ हा शब्द आहे आणि त्याचा व्यवहारातील अर्थ शिपायाच्या जवळपास जातो. माणसांच्या रुग्णालयातील ‘परिचारिका’ मात्र परीक्षा उत्तीर्ण झालेली, परिषदेकडे नोंदणी असलेली व्यावसायिक असते. दोन्ही शब्दांचा धातू एकच, पण त्यांच्यामध्ये काही वर्षांचे शिक्षण आणि एक संपूर्ण कायदा उभा आहे. ब्रिटनमध्ये ‘व्हेटरनरी नर्स’ या नावाने ओळखला जाणारा पशुपरिचर्येचा व्यवसाय आपल्याकडे नेमका या दोन शब्दांच्या फटीत अडकला आहे.

वसई-विरारसारख्या शहरात ही फट विशेष जाणवते. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व भोवतालच्या ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. रेल्वेच्या दोन्ही अंगांना उंच इमारती वाढल्या. तेथील सदनिकांत लॅब्रेडॉर, पग, पर्शियन मांजरे आली. पश्चिमेला निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी, अर्नाळा या पट्ट्यात वाड्या आणि त्यांच्याबरोबर घरची गाय, शेळी, कोंबड्या अजून टिकून आहेत. पूर्वेला महामार्गाच्या बाजूला म्हशींचे तबेले आहेत आणि त्यापलीकडे तुंगारेश्वरचे अभयारण्य. भटकी कुत्री तर सर्वत्र. एकाच महानगरात इतक्या तऱ्हेचे पशुरुग्ण असताना त्यांची शुश्रूषा करणाऱ्या माणसाला मात्र एकाही तऱ्हेचे पद्धतशीर शिक्षण सहज मिळत नाही.

गुरांच्या दवाखान्याचा वारसा

महाराष्ट्रात पशुवैद्यकाच्या मदतनिसाची परंपरा नव्हती असे नाही. परळ येथे १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथून बाहेर पडलेले जी.बी.व्ही.सी. पदवीधर जिल्ह्याजिल्ह्यांत गेले आणि त्यांच्याबरोबर गुरांचे दवाखाने आले. त्या दवाखान्यांच्या अंगणात जनावर अडकवण्याचा खोडा असे आणि खोड्याशेजारी ‘व्रणोपचारक’ उभा असे. जखम धुणे, पू काढणे, पट्टी बांधणे, जनावर आडवे पाडणे ही त्याची कामे. व्रणोपचारक हे पदनाम ऐकायला पुराणकालीन वाटले तरी शासनाच्या पशुसंवर्धन विभागात ते रूढ आहे आणि ‘ड्रेसर’ला इतका नेमका मराठी प्रतिशब्द क्वचितच सापडेल. त्याच्या वरची पायरी पशुधन पर्यवेक्षकाची. लसीकरण, खच्चीकरण, कृत्रिम रेतन ही खेड्यापाड्यांतील कामे अनेक दशके प्रामुख्याने याच वर्गाने सांभाळली. दहावीनंतरची दोन वर्षांची पदविका हा या कामाचा रुळलेला मार्ग होता. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे पदविका शिक्षणही त्याच्या छत्राखाली आले.

या वर्गाचे कायदेशीर स्थान १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने ठरवले. या कायद्याच्या कलम ३० नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकालाच करता येतो. त्याला एक अपवाद ठेवला आहे. पशुधन पर्यवेक्षक किंवा तत्सम पदविका वा प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीस राज्य शासन आदेशाद्वारे ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची मुभा देऊ शकते, मात्र नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि त्याच्या निर्देशानुसार. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी ही अशा सेवांची कायद्यातच दिलेली उदाहरणे होत. इतर बाबी राज्याने अधिसूचनेने ठरवायच्या. महाराष्ट्रात अशी अधिसूचना २००९ मध्ये निघाली. तिच्यातील देखरेखीच्या अटीवरून पदविकाधारक आणि पदवीधर यांच्यातील मतभेद धुमसत राहिले आणि २०२१च्या पावसाळ्यात पदविकाधारकांच्या आंदोलनाच्या रूपाने ते रस्त्यावर आले. त्या वादात दोन्ही बाजूंकडे काही ना काही तथ्य होते, पण तो सारा वाद गोठ्यापुरता होता. शहरातील दवाखान्यात भूल दिलेल्या मांजराजवळ कोण बसतो, हा प्रश्न त्यात कोणाच्याच ध्यानीमनी नव्हता. १९८४च्या कायद्यात पशुपरिचारिका हा शब्दच नाही. माणसांच्या आरोग्यसेवेतील तंत्रज्ञ व सहायकांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, तोही पशुवैद्यकीय क्षेत्राला लागू होत नाही.

अपवाद एक, तोही लष्कराचा. भारतीय सैन्य ‘नर्सिंग असिस्टंट व्हेटरनरी’ या वर्गात जवानांची भरती करते आणि घोडे, खेचरे व श्वानपथकांच्या शुश्रूषेचे शिक्षण त्यांना शिस्तीने देते. नागरी जीवनात या पदाला समांतर असे काही नाही.

विलायतेतील साठ वर्षे

ब्रिटनमध्ये हा प्रश्न १९६१ मध्ये हाती घेण्यात आला. तेथील रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स या संस्थेने पशुपरिचर्या साहाय्यकांसाठी प्रशिक्षण व परीक्षेची योजना आखली. प्रारंभी त्यांना ‘नर्स’ म्हणण्याची मुभा नव्हती. माणसांच्या परिचारिकांचा त्या शब्दावर हक्क होता. ‘व्हेटरनरी नर्स’ हे नाव मिळायला १९८४ साल उजाडावे लागले. १९९१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पशुवैद्यकाच्या निर्देशानुसार औषधोपचार करण्याची आणि शरीराच्या पोकळीत न शिरणारी लहान शस्त्रक्रिया करण्याची परवानगी त्यांना मिळाली. योगायोग असा, की १९६१ मध्येच अमेरिकेत प्राण्यांच्या तंत्रज्ञांसाठी पहिला महाविद्यालयीन अभ्यासक्रम सुरू झाला, तो न्यूयॉर्क राज्यातील ज्या गावी, त्याचे नाव ‘डेल्ही’! आपल्या दिल्लीला ही कल्पना अजून तितकीशी शिवलेली नाही.

ब्रिटनच्या पद्धतीत खरे लक्ष देण्यासारखे आहे ते पदवीनंतरचे शिक्षण. नोंदणीकृत पशुपरिचारिकेने दर वर्षी किमान १५ तास आपल्या ज्ञानात भर घालावी आणि त्याची नोंद ठेवावी, असे बंधन आहे. पशुवैद्यकासाठी हीच मर्यादा ३५ तासांची आहे. या १५ तासांत केवळ परिषदा आणि व्याख्याने मोडत नाहीत. एखादा शोधनिबंध वाचणे, बिघडलेल्या रुग्णावर सहकाऱ्यांशी चर्चा करणे, दुसऱ्या दवाखान्यात जाऊन नवी पद्धत पाहणे हेही त्यात धरले जाते. अट एवढीच, की काय शिकलो आणि त्यामुळे कामात काय बदलले, हे लिहून ठेवायचे.

इतका खटाटोप कशासाठी, याचे उत्तर एका मोठ्या पाहणीत सापडते. २००२ ते २००४ या काळात ब्रिटनमधील ११७ दवाखान्यांत भूल दिलेल्या प्राण्यांची नोंद ठेवण्यात आली. त्यात ९८ हजारांवर कुत्री आणि ७९ हजारांवर मांजरे होती. भूल व गुंगीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, तर मांजरांत ०.२४ टक्के आढळले. मृत्यू केव्हा झाले, हा तपशील आकड्यांहून बोलका होता. कुत्र्यांच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे आणि मांजरांच्या मृत्यूंपैकी साठ टक्क्यांच्या आसपास मृत्यू शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर झाले होते, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन तासांत. म्हणजे डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळल्यानंतर. मांजरांची नाडी व रक्तातील प्राणवायू यांवर लक्ष ठेवले गेले तेथे धोका कमी दिसला. सतरंजीवरच्या कुत्रीजवळ बसलेल्या त्या तरुणाचे मोल या आकड्यांत आहे.

हाताखालचे शास्त्र

या तीन तासांत करायचे काम दिसायला साधे असते. कुत्र्याचे शरीराचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. भुलेखाली ते झपाट्याने उतरते. लहान पिल्लू आणि मांजर तर फार लवकर गारठते. गार पडलेले शरीर भुलेची औषधे सावकाश बाहेर टाकते, म्हणून शुद्ध यायला उशीर होतो, आणि उशीर झाला की ते आणखी गारठते. हे चक्र तोडण्यास फरशी व रुग्ण यांच्यामध्ये जाड चादर, गरम पाण्याच्या कापडात गुंडाळलेल्या बाटल्या आणि दर पाच-दहा मिनिटांनी एक नोंद पुरेशी असते. बाटली उघड्या कातडीला टेकली तर बेशुद्ध प्राणी ओरडत नाही, भाजतो. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. न झाल्यास रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजून डॉक्टरांना हाक मारायची. केटामाइनसारख्या औषधाने डोळे उघडे राहतात, ते कोरडे पडून बुबुळावर व्रण होऊ नये म्हणून मलम घालायचे. गिळण्याची क्रिया परतेपर्यंत श्वासनलिकेतील नळी काढायची नाही आणि पुरती शुद्ध आल्याखेरीज तोंडात पाणी ओतायचे नाही. घरच्यांना मात्र पाणी पाजण्याची नेमकी तेव्हाच घाई असते, आणि त्यांना नम्रपणे थांबवणे हाही परिचर्येचा भाग.

यातली एकही गोष्ट महागड्या यंत्रावर अवलंबून नाही. पण प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे, आणि कारण ठाऊक नसलेला मदतनीस नेहमीचे सारे बिनचूक करतो, पण नेहमीपेक्षा वेगळे काही घडले की गोंधळतो. ‘पाहून शिकणे’ आणि ‘शिकून पाहणे’ यांत हाच फरक पडतो.

शस्त्रक्रियेबाहेरची कामेही कमी जोखमीची नाहीत. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. वीज गेलेल्या दुपारी शीतपेटीचे दार किती वेळा उघडले, हे केवळ मदतनिसालाच ठाऊक असते. उपकरणे निर्जंतुक करताना ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफेचा दाब किमान पंधरा मिनिटे टिकावा लागतो, आणि डबा गच्च भरला तर मधल्या कात्रीपर्यंत वाफ पोहोचतच नाही. पार्व्होने आजारी पिल्लू हाताळल्यावर त्याच हातांनी लसीकरणाला आलेले दुसरे पिल्लू उचलले, तर दवाखानाच रोग पसरवतो. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांच्या कक्षेत पशुवैद्यकीय संस्थाही येतात. वापरलेली सुई कोणत्या डब्यात आणि रक्ताळलेला कापूस कोणत्या पिशवीत, हे रोज ठरवणारा माणूस तोच.

स्वतःच्या जिवाचा हिशेब

या व्यवसायाची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे मालक, पालक आणि कधी कधी डॉक्टरही दुर्लक्ष करतात. प्राण्याला धरणारा माणूस सर्वाधिक चावे आणि ओरखडे सोसतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचल्याची उदाहरणे जगात अपवादानेच आहेत. उलट, चावा घेतला जाण्यापूर्वीच प्रतिबंधक लस घेता येते. भारतात प्रचलित क्रम पहिला दिवस, सातवा दिवस आणि एकविसावा वा अठ्ठाविसावा दिवस असा आहे. ही लस पूर्वी घेतलेल्या माणसाला चाव्यानंतर दोनच मात्रा पुरतात, सीरम टोचावे लागत नाही. मात्र जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे कोणालाही चुकत नाही. कामावर ठेवलेल्या मुलाला पहिल्या पगाराआधी ही लस मिळाली पाहिजे. ती प्रशिक्षणाची पहिली पायरी मानावी.

तबेल्यांकडील धोका वेगळ्या जातीचा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसचाही समावेश करण्यात आला. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि पारड्यांना त्याची जी लस देतात, तिच्यात जिवंत जंतू असतात. टोचताना वासराने हिसका दिला आणि सुई स्वतःच्या बोटात गेली, तर लस देणाऱ्यालाच तो आजार जडू शकतो. महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी यांचे निदान मग हिवताप, टायफॉइड अशा वाटा तुडवत राहते. गर्भपात झालेल्या म्हशीची वार उघड्या हातांनी ओढणारे तबेल्यातील कामगारही याच रांगेत आहेत. वसई-विरारच्या सखल भागांत पावसाचे पाणी दिवसदिवस साचून राहते, जुलै २०१८ मध्ये तर रेल्वे वाहतूकच ठप्प झाली होती. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. कुत्र्याची कावीळ दवाखान्यात आली, की तिच्या मूत्राशी हातमोज्यांविना संबंध येऊ न देणे हे पावसाळ्यात मदतनिसाला पक्के ठाऊक हवे.

महापालिकांची निकड

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नाने या विषयाला अलीकडे नवी धार आली आहे. २००१च्या नियमांची जागा घेणारे प्राणी जन्मनियंत्रण नियम मार्च २०२३ मध्ये लागू झाले. निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरण ही त्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्बीजीकरण, जंतनाशन व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असा आदेश देत या प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढवली. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशात शाळा, रुग्णालये, रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले गेले. आदेश महापालिकांना आहेत, पण तो पाळायचा तर शस्त्रक्रिया करणारा एक डॉक्टर असून भागत नाही. कुत्रे जाळीने इजा न करता पकडणारे, पिंजऱ्यावर पकडल्याची जागा लिहून ठेवणारे, टाके रोज तपासणारे, उलटी करणाऱ्या कुत्र्याला इतरांपासून वेगळे करणारे हात लागतात. टाका उसवून कुत्रे दगावले, तर नागरिकांचा विश्वास उडतो आणि पुढच्या वेळी गाडी आली की तेच नागरिक कुत्री लपवतात.

प्रशिक्षित हातांनी काय साधते, हे शेजारच्या गोव्याने दाखवून दिले आहे. तेथे ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य शासनाच्या साहाय्याने २०१४ पासून जाळीने कुत्री पकडून जागच्या जागी लस टोचणारी पथके उभी केली, शाळाशाळांतून मुलांना शिकवले, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. या पथकांतील बहुसंख्य लोक डॉक्टर नव्हते. ते काम शिकलेले, कामाची नोंद ठेवणारे साधे तरुण होते.

शिकायचे कोठे?

वसई-विरारमधील बारावी झालेल्या मुलीने हे काम रीतसर शिकायचे ठरवले, तर तिच्यापुढे सध्या तीन अपुरे मार्ग आहेत. पशुसंवर्धनाची पदविका तिला गाय, म्हैस, शेळी, कोंबडी शिकवते, मांजराची भूल नव्हे. भारतीय कृषी कौशल्य परिषदेने ‘व्हेटरनरी क्लिनिकल असिस्टंट’, ‘अ‍ॅनिमल हेल्थ वर्कर’ अशा कामांचे व्यवसाय-निकष तयार केले आहेत. कागदावर ते या गरजेच्या सर्वांत जवळ जातात, पण त्यांचाही तोंडवळा ग्रामीण आहे. तिसरा मार्ग परदेशी संस्थांच्या दूरस्थ अभ्यासक्रमांचा. त्यांतून शास्त्र कळते, हात मात्र तयार होत नाहीत, शिवाय त्या प्रमाणपत्राला येथे कायदेशीर वजन नाही.

त्यामुळे आज तरी खरी शाळा दवाखाना हीच आहे, आणि शिक्षक डॉक्टर. यात कमीपणा नाही. ब्रिटनमधील अभ्यासक्रमही निम्माअधिक दवाखान्यातच होतो. फरक आहे तो ठरावीकपणाचा. आठवड्यातून एक तास, दवाखाना उघडण्यापूर्वी, एक विषय घ्यावा : या आठवड्यात भूल-नोंदीचा तक्ता, पुढच्या आठवड्यात सलाइनच्या थेंबांचा हिशेब, त्यानंतर मांजर टॉवेलमध्ये गुंडाळण्याची रीत. मदतनिसाने वहीत तारीख घालून चार ओळी लिहाव्यात, डॉक्टरांनी सही करावी. वर्षाकाठी पन्नास तास होतात, म्हणजे ब्रिटिश परिचारिकेवरील बंधनाच्या तिप्पट! शेजारच्या तीन-चार दवाखान्यांनी हे एकत्र केले, तर प्रत्येक डॉक्टरवरचा भार आणखी हलका होईल. पशु विज्ञान विद्यापीठाने दहावी-बारावीनंतरचा लहान प्राण्यांच्या परिचर्येचा अभ्यासक्रम आखल्यास अशा वह्या प्रवेशासाठी पुरावा म्हणून धरता येतील.

डॉक्टरांची अडचणही समजण्यासारखी आहे. शिकवून तयार केलेला मुलगा दुसरीकडे जातो, हा त्यांचा अनुभव. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटरवर आहे आणि मुंबईत मोठी रुग्णालये वाढत आहेत. महालक्ष्मी येथे जुलै २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले, अशा ठिकाणी चोवीस तासांच्या पाळ्यांसाठी तयार माणसांची गरज असणारच. पहाटेच्या लोकलने रोज लाखभर माणसे या शहरातून बाहेर पडतातच, त्यांत आणखी काहींची भर पडेल. पण न शिकवलेला मुलगाही जातोच, तो फक्त आणखी दोनशे रुपयांसाठी जातो आणि कुरियरच्या कामाला लागतो.

राहिले प्राण्याचे पालक. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करताना ते खर्च विचारतात, टाके कधी काढायचे ते विचारतात. शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण बसणार आहे आणि त्याच्या हाती नोंदीचा कागद आहे का, हे क्वचितच कोणी विचारते. हा प्रश्न विचारला गेला तर बहुतेक डॉक्टरांना राग येणार नाही. पुढच्या वेळी उत्तर तयार ठेवायला हवे, एवढे त्यांच्या ध्यानात राहील, आणि आतल्या खोलीतल्या त्या तरुणाला कोणी तरी एक घड्याळ, एक थर्मामीटर आणि एक छापील तक्ता आणून देईल.